दोन मग जास्त

माधुरी मॅडम आल्या आणि चप्पल काढता काढताच म्हणाल्या, "दिपिका, तिसरा टब काय म्हणतोय?"

मालूच्या हातातली बाटली हातातच राहिली. अकरा वर्षं मॅडम आधी तिच्या खोलीत येत. दोन ट्यूबलाइटींसमोरच्या हिरव्या पाण्याच्या बारा बाटल्यांपैकी एक उजेडाला धरत आणि म्हणत, "आज रंग छान आलाय, मालूबाई."

समुद्रापासून इतक्या लांब, आटगाव स्टेशनमागच्या या शेडमध्ये तिसऱ्यांचं, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांचं, बी वाढत होतं ते त्या हिरव्या पाण्यावर. टँकरनं आणलेल्या खाऱ्या पाण्यात तिळाएवढे जीव पडून असत आणि मालूनं वाढवलेलं जिवंत शेवाळ खात. दर सातव्या दिवशी जुन्या बाटलीतलं थोडं पाणी नव्या बाटलीत घालायचं. एखादा दिवस चुकला तर सगळं पिवळं पडे. भाच्याच्या हळदीतूनही ती दुपारीच निघून आली होती.

मग टोकावड्याची दिपिका आली. बी.एस्सी. झालेली. येताना तिनं शेवाळाऐवजी घालून बघायला घरचा भाताचा कोंडा आणला, पिठासारखा दळला, मलमलीतून तीनदा गाळला आणि त्यात पाववाल्यांचं यीस्ट मिसळलं.

"कोंडा?" मालू म्हणाली. "आमच्यात कोंबड्यांना घालतात गो."

"मग कोंबड्या मोठ्या होतात का नाय, मावशी?"

मॅडम खळखळून हसल्या. ते हसू मालूला दोन दिवस बोचत राहिलं.

तीन टब मांडले. पहिल्यात फक्त शेवाळ, दुसऱ्यात अर्धं शेवाळ अर्धा कोंडा, तिसऱ्यात नुसता कोंडा. सहा आठवड्यांनी मोजायचं. कोंडा चालला तर शेवाळाच्या खोलीत आणखी टब बसतील, असं मॅडम सहज बोलून गेल्या.

तिसरा टब लवकरच नासेल, याची मालू वाट बघत होती. नासला नाही. त्यातल्या तिसऱ्या हळूहळू का होईना, वाढत होत्या. मॅडम भिंग घेऊन त्याच टबावर वाकलेल्या असत. चौथ्या आठवड्यापासून, दिपिका डबा खायला बाहेर बसली की मालू पहिल्या टबात दोन मग शेवाळ जास्तीचं ओतू लागली. आपली लेकरं जरा जाड दिसली पाहिजेत.

खाऊन जास्त झालेलं शेवाळ शिंपल्या बुळबुळीत धाग्यांत गुंडाळून बाहेर टाकतात. तळाशी ते हिरवे धागे साचू लागले. मालू संध्याकाळी नळीनं ते ओढून काढी. मोजणीच्या आदल्या दिवशी मात्र पाण्याला वास आला. सकाळी पहिल्या टबातलं अर्ध्याहून जास्त बी तोंड उघडून मेलं होतं.

मॅडमनी पाणी हुंगलं. मग वही उघडली.

"म्हणजे नुसत्या शेवाळावर मर जास्त झाली," त्या म्हणाल्या. "मला वाटलं नव्हतं."

दिपिकानं चिमट्यानं तळाचा एक हिरवा धागा उचलला. मालूकडे पाहिलं. मग खाली बघू लागली.

ती बोलणार नव्हती. मालूला ते कळलं, आणि त्याचाच जास्त राग आला. मॅडमचं पेन कागदाला लागलं. अकरा वर्षांच्या शेवाळावर कायमचा डाग पडणार होता.

"तसं लिहू नका," मालू म्हणाली. "शेवाळाचा दोष नाय. मीच रोज दोन मग जास्त घालत होते."

"का पण, मालूबाई?"

"तुमी तिच्याच टबाकडं जात होता."

मॅडमनी पहिल्या टबाच्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'ग्राह्य धरू नये.' कारण लिहिलं नाही.

दुसऱ्या टबातलं बी सर्वांत चांगलं निघालं. तिसरा त्याच्या मागे होता. यापुढे सगळीकडे अर्धं शेवाळ, अर्धा कोंडा, असं ठरलं.

सोमवारी मॅडम आल्या आणि थेट तिसऱ्या टबाकडे गेल्या. मालूनं बारांतल्या सहा बाटल्या रिकाम्या करून घासल्या, विसळल्या आणि फळीवर उपड्या ठेवल्या. त्या रिकाम्या बाटल्यांसमोरची ट्यूबलाइट तिनं बंद केली नाही.