केल्सोबाईंची बारा पावलं

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. पण माझ्यात कुणी बसत नाही. माझ्या पोटात फक्की भरतात, मला फुटबॉलच्या मैदानावरून ढकलतात आणि मागे पांढरी रेघ उमटत जाते. डोंगरातल्या एका लहानशा कॉलेजात माझा सारा जन्म गेला. आता मी मैदानाकडेच्या खोपटात दिवसासुद्धा डुलक्या घेते. त्यामुळे काल काय घडलं आणि वीस वर्षांपूर्वी काय, हे माझं मलाच उमगत नाही.

मला आणलं डोरीन केल्सोबाईंनी. तेव्हा त्या मुलींच्या संघाच्या कोच होत्या, वय सत्तावीस. संघात मुली बाराच आणि मैदान आखायला माणूस नाही. मग सामन्याच्या दिवशी पहाटे बाईच मला घेऊन निघायच्या. धुकं इतकं, की समोरचा गोल दिसायचा नाही. त्या पांढऱ्यात आम्ही दोघी पांढरी रेघ ओढत जायचो. मला वाटायचं, आम्ही रेघ ओढतो म्हणूनच मैदान उगवतं. किती सुखाचे दिवस होते ते!

पेनल्टीचा ठिपका गोलपासून बारा यार्डांवर असतो. बाईंनी त्यासाठी कधी टेप धरला नाही. मला पुढे ढकलत त्या बारा पावलं टाकायच्या आणि टाच रोवायच्या. पुढे मैदान सांभाळायला आलेला लायल एकदा मुद्दाम मोजून आला.

"डोरीन, बोटभरसुद्धा फरक नाही! तुझे पाय काय कारखान्यात बनवलेत?"

तेव्हापासून बाईंची मान जरा ताठच झाली.

बावीस वर्षांनी त्या साऱ्या क्रीडा विभागाच्या प्रमुख झाल्या. बसगाड्या, पंच, वेळापत्रकं, चौदा संघांची भांडणं. संघाला नवी कोच आली, तरी मुली बाईंनाच कोच म्हणायच्या. आणि मैदान आखायचं काम बाईंनी कुणाला दिलं नाही.

मग त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. मेपलची पानं लाल झाली तेव्हा त्या परतल्या, आणि माझ्या चाकांना लगेच कळलं. बारावं पाऊल लवकर आलं. मी जिवाच्या आकांताने करकरले.

"तेल घालायला हवं हिला," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी जिंकलं तर आमचा संघ पहिल्यांदाच विभागीय स्पर्धेत जाणार होता. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. कप्तान जोस्लिनने चेंडू जाळ्यात धाडला. एक-शून्य! मुली नाचल्या, रडल्या. बाई मात्र ठिपक्याकडे बघत राहिल्या. सगळे गेल्यावर त्यांनी लायलकडून टेप मागून घेतला. बाराऐवजी अकरा यार्ड आणि वर चार बोटं.

"उद्या पाऊस आहे," लायल हळूच म्हणाला. "धुऊन जाईल. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना!"

हरलेल्या कॉलेजला बाईंनी स्वतः फोन करून चूक सांगितली. सामना पुन्हा खेळायचं ठरलं. जोस्लिन तणतणत खोपटापाशी आली.

"कोच, माझं काय चुकलं? चार वर्षं वाट पाहिली आम्ही!"

"तुझं काही चुकलं नाही गं. तू झकास मारलास. मोजायला मी चुकले."

"मग टेप का नाही घेतलात?"

माझ्या दांड्यावर हात ठेवून बाई उभ्या राहिल्या.

बुधवारी सामना झाला आणि आमच्या मुली हरल्या. जोस्लिनचं ते शेवटचं वर्ष होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी खोपटाची किल्ली लायलच्या हातावर ठेवली आणि मागे वळून न बघता गेल्या. आता लायल टेपने मोजतो. रेघा अगदी बरोबर येतात, पण धुक्यात मला एकटं एकटं वाटतं.

बाईंवर माझा राग नाही. खंत वेगळीच आहे. त्या लंगडत होत्या हे लायलला दिसत होतं, नव्या कोचला दिसत होतं, मुलींनाही दिसत होतं. भिडेखातर कुणी बोललं नाही. मित्रांनो, आपल्या माणसाची पावलं आखूड झालेली दिसली, तर त्याला प्रेमाने सांगा. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.