चिमणीतल्या पाकोळ्या

मी एक जुनी चिमणी आहे. चिवचिव करणारी नव्हे, मित्रांनो. मी विटांची, वीजघराची, शंभर हात उंच.

गवंड्यांनी दोन वर्षं खपून मला बांधलं. पायथ्याशी कोळशाची भट्टी पेटली आणि गावात घरोघरी दिवे लागले. तेव्हा माझ्या धुराचंही कौतुक होतं. धूर दिसला की लोकांना हायसं वाटे, आज काम आहे. भट्टीवर एक फायरमन होता. पस्तीस वर्षं त्याने फावड्याने कोळसा लोटला, आणि जाताना माझ्या विटांवर हात फिरवल्याशिवाय तो कधी घरी गेला नाही.

पुढे तोच धूर डोळ्यांत खुपू लागला. वाळत घातलेले कपडे काळे होत, मुलं खोकत. वीजघर बंद पडलं. दहा वर्षं माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. आले ते फक्त पाखरांचे थवे. गावातल्या जुन्या भिंती पाडल्या गेल्या, तशा बेघर झालेल्या पाकोळ्या माझ्या पोटात शिरल्या आणि लाळेने पिसं चिकटवून त्यांनी घरटी केली.

मग बाहेरून येणारी वीज गावाला पुरेना. माझ्याच अंगणात सभा भरली. निम्मे म्हणत, भट्टी पुन्हा पेटवा. निम्मे म्हणत, सौरऊर्जा आणा. सौरपट्ट्यांचा नकाशा काढला होता फायरमनच्याच मुलीने. ती वीज अभियंता. त्या नकाशात माझ्यावर पाडण्याची लाल फुली होती, कारण माझी सावली पट्ट्यांवर पडणार होती. बापलेकीत महिनाभर धड बोलणं नव्हतं. आपलं सारं आयुष्य पोरीने खोडून टाकलं, असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आधी बोलल्या. उन्हाळे कसे लांबत चालले आहेत, ओढा किती लवकर आटतो, आणि पंचक्रोशीतल्या पाकोळ्या आता फक्त या चिमणीत उरल्या आहेत, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. मागून कुणीतरी विचारलं, पाखरांसाठी आम्ही अंधारात बसायचं का?

तेवढ्यात फायरमन उठला. भट्टीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याने हातानेच त्यांना थांबवलं.

"मी भट्टीच्या बाजूने बोलायला येणार होतो," तो म्हणाला. "ही चिमणी अजून धूर वर ओढते का, ते बघायला काल राखेचं दार उघडलं. वर बघतो तर भिंतभर घरटी. पिल्लांच्या खाली जाळ लावणं माझ्याने होणार नाही. आणि धूर वाईट, हे पोरीचं म्हणणंही खरं आहे. माझ्या छातीला विचारा."

मग तो लेकीकडे वळला. "पण पोरी, सावलीचं गणित तुझं चुकलंय. पस्तीस वर्षं मी हिच्या सावलीत डबा खाल्लाय. बारा महिने ती कुठे कुठे पडते, मला पाठ आहे."

मुलीने नकाशा त्याच्या हातात दिला. "दाखवा, बाबा."

त्याने फक्कीची बादली घेतली आणि अंगणभर पांढरी रेघ ओढत गेला. सगळी सभा त्याच्या मागून चालली. रेघेच्या आत पट्ट्यांच्या दोनच ओळी येत होत्या. मुलीने हिशेब करून पाहिला. त्या दोन ओळी कोळशाच्या शेडवर सहज बसत होत्या. तिने खोडरबर काढला आणि लाल फुली पुसली. सौरपट्ट्यांसाठी हात वर करा म्हटल्यावर भट्टीवाल्यांचेही हात वर आले.

पाच महिन्यांनी बटण दाबलं ते फायरमनने. दिवसभर साठवलेल्या विजेवर रस्त्यावरचे दिवे ओळीने लागत गेले, आणि त्याच वेळी शेकडो पाकोळ्या गिरक्या घेत माझ्यात उतरल्या. खाली लोक माना वर करून बघत होते. मित्रांनो, धुराने मला जेवढं मिरवता आलं नव्हतं, तेवढं मी त्या संध्याकाळी मिरवले.

तुमच्या गावातही माझ्यासारखं काही पडीक उभं असेल. ते पाडायचं ठरवाल, तर आधी एकदा दार उघडून आत बघा. आत कुणीतरी नांदत असेल.