मशीनच्या चपला

मुंजाजींच्या घरात चपला उंबरठ्याच्या आत येत नसत. जावई येवो नाहीतर सरपंच येवो, त्यांच्या बायकोची, नर्मदाबाईंची नजर आधी पायांवर जायची. अख्ख्या बोरी गावात असं सोवळ्याचं घर दुसरं नाही, असं त्या स्वतःच सांगायच्या. पण देवघराला लागून जे टेबल होतं, त्याच्या खाली निळ्या रबरी चपलांचा एक जोड कायम मुक्कामाला असे. त्या चपला कुणा माणसाच्या नव्हत्या, मशीनच्या होत्या.

मशीन म्हणजे मुंजाजींचा ॲम्प्लिफायर. परभणीहून हौसेनं आणलेला, दोन दांडग्या स्पीकरांसकट. आणला तेव्हा स्पीकरांतून सारखी घुंघूं यायची. मुंजाजींनी पिनेतली अर्थिंगची वायर सोडवून टाकली आणि घुंघूं गेली. आवाज इतका साफ झाला की त्यांनी आठवडाभर साऱ्या गल्लीला भजनं ऐकवली. तेव्हापासून मशीनच्या पत्र्याला हात लावला की विजेचा चिमटा बसायचा. त्यावर इलाजही मुंजाजींनीच काढला. आधी चपला घालायच्या, मग बटण फिरवायचं. सगळं घर तसंच करायचं. खुद्द नर्मदाबाई पहाटे हरिपाठ लावायच्या त्या डोक्यावर पदर आणि पायात निळ्या चपला अशा थाटात. रेणुका लग्न होऊन आली तेव्हा तिला आधी देवघर दाखवलं होतं आणि लगोलग चपला.

भक्तीला मात्र कुणी काही दाखवलं नव्हतं. रेणुकाची सव्वा वर्षाची पोर, नुकती धरून धरून चालायला लागलेली. त्या सकाळी रेणुकानं फरशी पुसली आणि मागच्या दारी बादली ओतायला गेली, तेवढ्यात पोरीनं टेबल धरून मशीनला हात लावला. धाडकन मागं पडली. रेणुकानं उचललं तेव्हा तिच्या तोंडून आवाजच फुटत नव्हता. मग एकदम फुटला, आणि तो ऐकून रेणुकाच्या जिवात जीव आला.

"चिमटा घेतला व्हय गं माझ्या बाईला?" नर्मदाबाई म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "वल्या फरशीवर सोडायचं कशाला लेकराला?"

"आत्या, फरशी रोज वली व्हनार. पोरगी रोज चालनार."

"आमी इतके दिवस लावायलोत. कुनाला काय झालं?" मुंजाजींनी विचारलं.

"वायर परत जोडा, मामा."

"जोडली की घुंघूं येती."

"येऊ द्या."

मुंजाजी हसले आणि शेताकडे निघून गेले. रेणुकाचा नवरा आदिनाथ पूर्णेला रेल्वेत होता. त्यानं फोनवर सांगितलं, "मी आल्यावर बघू." तो लग्नापासून बघतच होता. रेणुकाला दोघांचाही संताप आला. तिनं पिन उपटली, टेबलाखालच्या चपला उचलल्या आणि उंबरठ्याबाहेर नेऊन ठेवल्या.

संध्याकाळी देवगाव फाट्याहून साडू आले, सूर्यभानराव. चहा झाला आणि मुंजाजी उठले. "आवाज ऐका आमच्या मशीनचा," म्हणत त्यांनी पिन खोचली. लाल दिवा लागला. त्यांचा पाय सवयीनं टेबलाखाली गेला आणि तिथंच चाचपडत राहिला.

"चपला कुठं गेल्या?"

"भाईर हायत," स्वयंपाकघराच्या दारातून रेणुका म्हणाली. कडेवर भक्ती होती. "आपल्या घरात चपला भाईरच असत्यात."

"आन बरं."

"न्हाई."

सासऱ्याला, तेही पाहुण्यांसमोर, असं उत्तर त्या घरात कुणी दिलं नव्हतं. रेणुका दारातून हलली नाही.

"तसाच लावा की हात, मामा. चिमटाच तर हाय. तुमच्या नातीनं अनवानीच लावला व्हता."

मुंजाजींचा हात बटणाकडे निघाला आणि अर्ध्यावर थांबला. सूर्यभानराव त्या हाताकडे पाहत होते. मुंजाजींनी तो मागं घेतला आणि धोतराला पुसला. मग बायकोला म्हणाले, "तू तरी आन गं त्या चपला."

नर्मदाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. जाता जाता त्यांनी भक्तीच्या तळहातावरून बोट फिरवलं. उंबरठा ओलांडला, निळ्या चपला पायात सरकवल्या आणि गोठ्याकडे चालू लागल्या.

"या मला लागत्यात," मागं न बघता त्या म्हणाल्या. "तुमी वायर जोडा."