नावेतला गँगमन

"आज कोणतं सांगायचं, मास्तर?"

"नावाडणीचं पुस्तक."

"अन् म्हशीचं?"

"म्हशीचं झालं की अप्पा, दिवाळीच्या आधीच."

"झालं?" चन्नबसप्पांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मग सापडली का म्हैस?"

"न्हाई सापडली."

"अरेरे," चन्नबसप्पा म्हणाले आणि आपल्याच बंद दुकानाच्या पायरीवर हळहळत बसले. सकाळपासून ती म्हैस त्यांच्यासाठी पुन्हा पुन्हा नव्यानं हरवत होती.

व्यंकट गुरुजींनी अप्पांच्या सदऱ्याची चुकलेली बटणं सोडली आणि नीट लावली. पहिलीतल्या पोराची लावावीत तशी, वरून खाली. चन्नबसप्पांनी मान वर करून लावून घेतली.

बिलोलीत हे दोघं जोडीनंच ओळखले जात. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, आणि चन्नबसप्पांचं किराणा दुकान. श्रावणात महादेवाच्या देवळात पोथी लागली की एकानं ओवी वाचायची आणि दुसऱ्यानं तिचा अर्थ गावाच्या बोलीत सांगायचा, ही तिथली रीत. गुरुजी वाचणारे, अप्पा अर्थ सांगणारे. वाचणाऱ्यानं पोथीतलं अक्षर बदलायचं नाही, आणि अर्थ सांगणारा बोलत असताना त्याला अडवायचं नाही. हा नियम दोघांनी कधी मोडला नव्हता.

एका वर्षी श्रावण संपला, पोथी गुंडाळली गेली, आणि अप्पा म्हणाले, "आता सालभर म्या काय करू?" तेव्हापासून गुरुजी वाचनालयातून पुस्तकं आणू लागले. दुपारी गिऱ्हाईक नसताना दुकानाच्या पायरीवर ते एक परिच्छेद वाचत आणि अप्पा त्याचा अर्थ सांगत. पुस्तकांची नावं अप्पांच्या लक्षात राहत नसत. ते माणसांवरून पुस्तक ओळखत. यंदाची तीन त्यांना फार आवडली होती: म्हशीचं, गँगमनचं आणि नावाडणीचं.

पण यंदाच उन्हाळ्यापासून अप्पांचं विसरणं सुरू झालं. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग मालाचे भाव, मग घराची वाट. एकदा ते धर्माबादच्या गाडीत बसून गेले आणि तिथल्या बाजारात आपलं दुकान शोधत फिरले. लातूरला नोकरी करणारा त्यांचा मुलगा बसवराज येऊन दुकान बंद करून गेला. उद्या सकाळी तो पुन्हा येणार होता, वडिलांना कायमचं लातूरला न्यायला.

आणि आज वाचनालयाचा डिसेंबरातला कार्यक्रम होता. सरत्या वर्षात वाचलेल्या आवडत्या पुस्तकांवर वाचकांनी बोलायचं. शेवटची पाळी दरवर्षी या जोडीची. कारभार बघणारा भागवत सकाळीच गुरुजींना गाठून म्हणाला होता, "गुरुजी, राग मानू नका. अप्पाला यंदा बसवायचं का? लोकं हसतील. तुम्ही एकट्यानं वाचा की."

"एकट्यानं वाचायला मी घरी वाचतो की, भागवत."

"तसं न्हाई म्हणालो मी."

"माहीत हाय. अप्पा बसला तर मी बसतो."

गुरुजींना एवढंच हवं होतं. अप्पानं गाव सोडावं ते अर्थ सांगणारा म्हणून. वाट चुकलेला म्हातारा म्हणून नव्हे.

वाचनालयाच्या खोलीत सतरंजी अंथरलेली होती. पुढे शाळेची मुलं, मागे मोठी माणसं. भिंतीशी दोन खुर्च्या. अप्पा खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐटीत मुलांकडे पाहू लागले.

गुरुजी उभे राहिले. मुलं समोर असली की त्यांचा आवाज आपोआप सावकाश होत असे.

"यंदा आम्ही दोघांनी पुष्कळ वाचलं," ते म्हणाले. "तीन पुस्तकं मात्र संपली तरी गेली नाहीत. पहिलं एका गँगमनचं आत्मचरित्र. रेल्वेचे रूळ तपासत हा माणूस जन्मभर हातात कंदील घेऊन चालला. त्यात पुरात वाहून गेलेल्या पुलाची हकीकत आहे, ती मोठी आहे. पण मला आठवते ती छोटी गोष्ट. तो लिहितो की इतक्या गाड्या त्यानं सुखरूप पुढे पाठवल्या, पण खिडकीत बसून लांब कुठं तो स्वतः कधी गेलाच नाही. तक्रार नाही करत. नुसतं सांगतो आणि पुढच्या वाक्याला लागतो. मला तिथं पुस्तक मिटून थोडं बसावं लागलं."

"दुसरं कन्नडमधून आलेलं. एका कुंभाराची म्हैस हरवते आणि तो गावोगाव विचारत जातो. 'पाहिली नाही' असं त्याला कुणीच म्हणत नाही. लोकांना त्याची दया येते. जो तो म्हणतो, 'पुढच्या गावाकडं गेली वाटतं.' अन् त्या दयेपायी तो बिचारा घरापासून आणखी लांब जातो. त्या लोकांना चांगलं म्हणावं की वाईट, मला अजून कळलेलं नाही. मुलांनो, तुम्हाला कळलं तर मला येऊन सांगा."

मुलं हसली. अप्पाही हसले.

"अन् तिसरं, नांदेडच्या प्रदर्शनात मिळालं ते. नवरा गेल्यावर त्याची नाव चालवणाऱ्या बाईचं. नदीवर पूल होतो आणि घाटावर येणारी माणसं थांबतात. तरी ती रोज येऊन नावेत साचलेलं पाणी उपसते. त्याचा शेवट मी वाचतो. अर्थ अप्पा सांगतील."

गुरुजी बसले. त्यांनी पान उघडलं आणि पहिला परिच्छेद वाचला. पुलावरून गाड्या जातात, खाली रिकामी नाव दोराला बांधलेली डुलते, एवढाच तो होता. वाचून ते थांबले.

अप्पांनी घसा खाकरला. "ऐका," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज जुनाच होता. "पूल झाला. चांगलं झालं. लोकायला घाई असती. पण नाव काय म्हणती? नाव म्हणती, मला वजन पाहिजे. माणूस बसला की म्या गुमान चालते, रिकामी असले की नुसती डुलते. घरात एकटं ऱ्हाणारं माणूस बगा, दिसभर हिकडं तिकडं करतं. कामून? वजन न्हाई त्याच्यावर कुणाचं."

मागे कुणीतरी "वा अप्पा" म्हणालं. गुरुजींच्या मनावरचा भार उतरला. त्यांनी दुसरा परिच्छेद वाचला. संध्याकाळ होते, बाई नावेत बसून पाणी उपसू लागते.

"पाणी उपसायली ती," अप्पा म्हणाले. "उपसायली, उपसायली. तेवढ्यात तिकडून गँगमन आला. हातात कंदील. म्हणला, बाई, माझी म्हैस पाहिलीस का?"

मुलं खदखदून हसली. एकानं म्हशीसारखा आवाज काढला. मोठ्यांपैकी काहींनी खाली पाहिलं. भागवत दाराशी खोकला.

अप्पा थांबले. त्यांनी मुलांकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे, मग गुरुजींकडे. "मास्तर," ते हळूच म्हणाले, "चुकलो का रे?"

हा चेहरा गुरुजींनी पुष्कळ पाहिला होता. फळ्यापाशी गणित अर्धं सोडून मागे वळणाऱ्या पोराचा चेहरा. त्या पोराला 'चूक' म्हटलं की ते पुन्हा फळ्यापाशी येत नाही.

गुरुजींनी पुस्तकात पाहिलं. तिथं लिहिलं होतं की ती पाणी उपसत राहिली आणि अंधार पडला. पुस्तक तिथंच संपत होतं.

त्यांनी वाचल्यासारखी मान हलवली आणि सावकाश म्हटलं, "'पाहिली,' ती म्हणाली. 'पलीकडच्या काठाला चरत होती. बसा नावेत. कंदील पुढं धरा.'"

मुलांचं हसणं थांबलं. ज्यांनी ते पुस्तक वाचलं होतं, ते गुरुजींकडे पाहत राहिले.

अप्पा खुर्चीत सरळ झाले. "बगा," ते मुलांना म्हणाले, "हसलाव न्हवं? म्या म्हणलो न्हाई का? हा गँगमन लोकायला पोचवायचा, सोता कधी गाडीत बसला न्हाई. आज बसला. पुलावरून न्हाई गेला, नावेतून गेला. कामून? पुलावर आपलं कोण असतं? नावेत समोर माणूस असतं."

गुरुजींनी पुढचं वाचलं. कंदिलाचा उजेड पाण्यावर पडला. बाईनं त्याला गावाचं नाव विचारलं. त्याला ते आठवेना. ती म्हणाली, राहू द्या, काठ आला की आठवेल.

"आठवंल, आठवंल," अप्पा म्हणाले आणि या वाक्याचा अर्थ त्यांनी सांगितलाच नाही.

पुढच्या रांगेतली शिवांगी मान लांब करून पाहत होती. "गुरुजी," ती म्हणाली, "तुमी पान पलटलंच न्हाई."

"पान मोठं हाय, बाई," गुरुजी म्हणाले.

पण नाव मधल्या धारेत होती आणि पुढं काय म्हणावं ते सुचेना. पोथी थांबवताना जे म्हणायची सवय होती, ते तोंडून निघून गेलं. "आज इतकंच. पुढचं उद्या."

म्हणाले आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की उद्या अप्पा इथं नाहीत.

घरी जाताना अप्पा खुशीत होते. "लई चांगलं पुस्तक काढलंस मास्तर. या सालातलं सगळ्यात चांगलं."

"हाव."

"म्हैस सापडती का रं त्यात?"

"वाचू की उद्या."

"तू आधी सांगत न्हाईस, हे बरं करतोस," अप्पा म्हणाले.

सकाळी बसवराजची गाडी आली. कपड्यांची पिशवी, औषधं, अप्पांची काठी. अप्पा मागच्या सीटवर बसले आणि काच खाली करून म्हणाले, "मास्तर, ते पुस्तक दे. पुनम वाचून दाखवील." पुनम म्हणजे त्यांची सून.

गुरुजींनी नावाडणीचं पुस्तक आणून त्यांच्या हातात दिलं.

"हेच का?"

"हेच."

बसवराज गुरुजींच्या पाया पडला. "काका, येत जावा लातूरला."

"येतो की," गुरुजी म्हणाले. गाडी वळून गेल्यावर ते थोडा वेळ दुकानाच्या पायरीवर बसले, आणि मग ऊन पायांवर आलं म्हणून उठले.

संक्रांत झाल्यावर एका दुपारी पुनमचा फोन आला.

"काका, अप्पा ऐकंनाच गेलेत. सगळं पुस्तक वाचून दाखवलं. हे ते न्हाई म्हणतेत. गँगमन नावेत बसतो ते कोणत्या पानावर हाय?"

"त्या पुस्तकात न्हाई ते, पुनम."

"मग कोणत्या? ह्यांना आणायला सांगते, इथं दुकानं लई हायती."

खोटं बोलायचं की खरं सांगायचं, याचा विचार करायला त्यांना पुष्कळ दिवस मिळाले होते आणि तो अजून झाला नव्हता.

"फोन त्याच्या कानाला लाव," ते म्हणाले.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग श्वास ऐकू आला. गुरुजींनी चष्मा लावला. समोर काही नव्हतं, तरी लावला. आणि एका हातात फोन धरून, दुसरा तळहात मांडीवर उघडा ठेवून, त्यांनी वाचायला सुरुवात केली. नाव धारेला लागली. कंदील विझू नये म्हणून गँगमननं हाताचा आडोसा केला. बाई म्हणाली, हात भाजेल तुमचा. तो म्हणाला, सवय आहे.

ते थांबले. पलीकडून अर्थ आला नाही. बऱ्याच वेळानं अप्पांचा आवाज आला, पण फोनपासून दूर, सुनेशी बोलत असलेला.

"वाचणारा कोण हाय गं?"

"बिलोलीचे काका हायत, अप्पा."

"बरा वाचतो." अप्पा म्हणाले. "पर बिलोलीत आमचा एक मास्तर होता. ह्याच्यापेक्षा लई चांगला वाचायचा."

पुनम घाईनं फोनवर आली. "काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका हां."

"न्हाई गं," गुरुजी म्हणाले. "खरं हाय त्याचं. लाव पुन्हा कानाला."

आणि पुढचं वाक्य त्यांनी थोडा आवाज चढवून, एकेक शब्द सुटा करून वाचलं.