चौदा निप्पलं आणि एक अर्ज

पुंडलिक साळवेला जगातल्या प्रत्येक बिघाडाचं कारण ठाऊक होतं. ग्रीस. कुणाचं लग्न मोडलं, तर तिथं ग्रीस कमी पडलं. सरकार पडलं, तर तिथंही ग्रीस कमी पडलं. वाळूजच्या एका कंपनीत त्यानं नऊ वर्षं मेंटेनन्सला काढली. इंजिनियरला चारचौघांत ग्रीसविषयी शिकवलं म्हणून कंपनीनं घरी बसवलं, असं तो सांगायचा. तो ड्युटीवर झोपायचा हेही एक कारण होतं, पण ते त्याला सांगण्याजोगं वाटत नसे.

हर्सूल तलावाच्या पल्याड, जटवाड्याच्या रस्त्याला लागून, ‘कडुबाचा मळा’ म्हणून वसाहत आहे. मळा केव्हाच गेला आणि त्याआधी कडुबा गेला. पोरांनी गुंठ्या-गुंठ्यानं रान विकलं. शहर वाढत वाढत तिथवर आलं, पण येताना नळ आणायचं विसरलं. म्हणून वसाहतीनं आपलीच पाणी समिती केली. एक बोअर, एक टाकी, दोन गल्ल्या. वरची गल्ली आणि खालची गल्ली यांच्या मधोमध एका खड्ड्यात खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह होता. दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात तलावाच्या तळाला भेगा पडल्या, पण बोअर कसंबसं चालू होतं. वरच्या गल्लीला दिवसाआड पाणी यायचं. खालच्या गल्लीला यायचं नाही, कारण व्हॉल्व्ह जाम झाला होता. आणि समितीचे अध्यक्ष केशवराव राहायचे वरच्या गल्लीत.

खालच्या गल्लीला पाणी पाजायचा तो पुंडलिकचा छोटा ट्रॅक्टर. मोठा टँकर त्या बोळात शिरला तर भिंत घेऊनच बाहेर पडायचा. हा मात्र हातगाडीएवढ्या जागेतून वळायचा. मागं हजार लिटरची टाकी. जटवाड्याला फकिराच्या विहिरीवर भरायची आणि गल्लीत येऊन हॉर्न द्यायचा. व्हॉल्व्ह सुरू झाला की आपला धंदा बसणार, हे पुंडलिकला कळत होतं. तरी व्हॉल्व्हसाठी अर्ज त्यानंच केला होता. हा त्याग तो दिवसातून दोनदा बोलून दाखवायचा, म्हणजे लोकांच्या ध्यानात राहावा.

अर्ज तीन पानी होता. त्याचं सार एवढंच, की व्हॉल्व्ह वर्षभर कुणी फिरवला नाही, त्याला ग्रीस दिलं नाही, आणि ‘निष्काळजीपणा हा नैसर्गिक आपत्तीपेक्षा वाईट’. हे शेवटचं वाक्य त्याला इतकं आवडलं होतं, की त्यानं ते टाकीच्या पाठीवर रंगवून घेतलं होतं.

दर रविवारी सकाळी त्याचा ग्रीसचा कार्यक्रम व्हायचा. दारात ट्रॅक्टर, हातात ग्रीस गन, खांद्यावर चिंधी. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो उभं करायचा.

“हे बघा, चौदा निप्पलं. ग्रीस भरायची तोंडं. पुढच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या पिनीचं एक. दोन्ही चाकांच्या किंगपिनची दोन. वळताना सगळा भार हिच्यावर. आधी निप्पल पुसायचं. मग गनचं तोंड सरळ बसवायचं. मग दाबायचं. कुठवर? जुनं काळं ग्रीस सांध्याच्या कडेतनं भाईर येऊस्तोवर. कळलं?”

“कळलं,” म्हणून माणूस सटकायचा. त्याला दूध आणायचं असायचं.

म्हातारी मालनबाई शेजारच्या ओट्यावर भाजी निवडत ऐकायची. एकदा म्हणाली, “पुंडलिका, चंपाला कवा एवढ्या मायेनं इचारलं का रं, तुझं काय दुखतं म्हणून?”

आतून चंपाबाईचा आवाज आला, “मावशे, मला कुठं निप्पलं हायेत!”

सगळी गल्ली हसली. पुंडलिक हसला नाही. ज्ञानाची चेष्टा त्याला सहन व्हायची नाही.

आता त्या एप्रिलची गोष्ट. जयंतीच्या मिरवणुकीत रथ ओढायचा मान खालच्या गल्लीनं पुंडलिकच्या ट्रॅक्टरला दिला. मान मिळाल्यावर लाल ट्रॅक्टर चालेल का? चंपाबाईचा भाऊ इंद्रजीत पेंटर होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, फवाऱ्याचं मशीन बाळगून होता. तेरा तारखेला तो आला, ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, “दाजी, निप्पलांवर कागद चिकटवून घेऊ का? रंग जाईल आत.”

पुंडलिकनं त्याच्याकडं असं बघितलं, जसं कंपनीत इंजिनियरकडं बघायचा.

“कशाला? निळा म्हंजे निळा. टिकलीएवढी जागा सुटली नाय पायजे. लोकं वाकून बघत्यात.”

“पण दाजी…”

“तू पाट्या रंगव. मशीन मला शिकवू नको.”

इंद्रजीतनं रंगवला. दोन हात दिले आणि वर चकाकी मारली. ट्रॅक्टर असा दिसत होता, की क्रांती चौकात पोरांनी रथ सोडून त्याचेच फोटो काढले. पुंडलिकची छाती महिनाभर खाली आली नाही.

पुढच्या रविवारी तो गन घेऊन बसला. निप्पलाच्या टोकाला बारीक छर्रा असतो. गननं दाबलं की तो आत सरकतो आणि ग्रीसला वाट देतो. त्या छर्‍यावर निळ्या रंगाचा पापुद्रा वाळून घट्ट झाला होता. पुंडलिकनं दाबलं, तर ग्रीस आत न जाता गनच्या तोंडातूनच भसकन बाहेर आलं. नवंकोरं, पिवळं.

“बघा,” तो गल्लीला म्हणाला, “पोट भरलं. भाईर आलं.”

आणि निळ्या रंगावर डाग नको म्हणून चिंधीनं चटकन पुसून घेतलं. चौदाच्या चौदा. जुनं काळं ग्रीस सांध्यातून आलं पाहिजे हे ज्यानं अख्ख्या वसाहतीला पाठ करून घेतलं होतं, त्याला नवं पिवळं ग्रीस कुठून येतंय हे दिसलं नाही. मे महिन्याच्या मध्यापर्यंत पाच रविवार हेच चाललं. गल्लीची धूळ, मागं टनाचं ओझं, आणि आत कोरडं ठक्क.

दुसऱ्या आठवड्यात पुढचं चाक कुंई-कुंई करू लागलं.

चंपाबाई म्हणाली, “अवो, ट्रॅक्टर रडतंय.”

“उन्हानं लोखंड फुगतं.”

चौथ्या आठवड्यात स्टेअरिंग जड झालं. वळवताना पुंडलिक सीटवरून उठून लोंबकळायचा.

“आता तुम्ही रडताय,” चंपाबाई म्हणाली.

“रस्ता खराब हाय. गुंठेवारी म्हणल्यावर काय डांबर लागतंय का!”

मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी, सकाळी दहाला, अर्जावर बैठक ठरली. जागा: व्हॉल्व्हचा खड्डा. समितीची बैठक पंधरा दिवसांतून एकदा व्हायची, आणि या वेळी निर्णय झाला नसता तर खालच्या चाळीस घरांना आणखी पंधरा दिवस टाकीमागं घागरी घेऊन पळावं लागलं असतं. मालनबाईचे तर गुडघे गेलेले. पुंडलिकनं ठरवलं, की भरलेली टाकी घेऊन भर बैठकीत एंट्री मारायची. केशवरावांना टाकीच्या पाठीवरचं वाक्य वाचायला लावायचं.

एंट्री झाली. खड्ड्याजवळच्या वळणावर त्यानं स्टेअरिंग डावीकडं ओढलं, चाकं डावीकडं वळली, आणि तिथंच राहिली. उजवीकडं काही केल्या येईनात. पुंडलिक स्टेअरिंगला लटकला, पाय दिले, आईबापांची नावं घेतली. ट्रॅक्टर दोन्ही गल्ल्यांच्या तोंडावर आडवा, नाक केशवरावांच्या कुंपणाला टेकलेलं. मागचं वाक्य मात्र सगळ्यांना नीट दिसत होतं.

केशवराव तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, बगलेत बैठकीचं रजिस्टर. त्यांनी वाक्य वाचलं, मग चाकाकडं पाहिलं.

“साळवे, काय झालं?”

“काय नाय. जरा अडकलं.”

इंद्रजीत तिथंच होता. तो खाली शिरला, नखानं खरवडलं आणि खालूनच ओरडला, “दाजी! सगळी निप्पलं रंगानं बुजल्यात! आत ग्रीसचा टिपूस नाय!”

कुणीतरी फिस्सकन हसलं.

“लोकां सांगे ब्रह्मज्ञान…” केशवराव म्हणाले आणि पुढचं सोडून दिलं. पुढचं सगळ्यांना येत होतं.

इंद्रजीत बाहेर आला. तोंड निळं-काळं. दाजींचा पडलेला चेहरा त्याच्यानं बघवला नाही. म्हणाला, “चूक माझी. मीच रंग मारला.”

पुंडलिकला एकदम हलकं वाटलं. खरं तर लाज वाटायला हवी होती, पण आधी हलकं वाटलं. त्याच्या मनात तयारही झालं: मेव्हण्यानं घात केला. पाट्या रंगवणारा माणूस, त्याला मशीनचं काय कळतंय.

तेवढ्यात केशवरावांनी त्याहून चांगली वाट काढून दिली. ते जवळ आले, आवाज खाली आणला.

“हे बघा साळवे, चूक कोणाचीच नाही. एवढी धूळ आहे, तुमचं चाक धुळीनं जाम झालं. तसाच व्हॉल्व्ह पाण्यातल्या क्षारानं जाम झाला. दुष्काळाचं वर्ष आहे. अर्जातला ‘निष्काळजीपणा’ हा शब्द तुम्ही मागं घ्या, नैसर्गिक कारण म्हणून नोंद करू. तुमचीही शोभा राहील, समितीचीही.”

“आन् व्हॉल्व्ह?”

“नैसर्गिक कारण म्हटल्यावर वरिष्ठ पातळीवर पाठपुरावा करता येईल.”

समितीला वरिष्ठ पातळीच नव्हती. वर फक्त वरची गल्ली होती. हे पुंडलिकला कळत होतं, तरी त्यानं क्षणभर विचार केला. धूळ. किती चांगलं कारण आहे. चाळीस घरं रोज खातात. धुळीला कुणी हसत नाही. धुळीला कंपनी कामावरून काढत नाही. एक शब्द मागं घ्यायचा, की उद्या सकाळी पुन्हा खांद्यावर चिंधी टाकून लोकांना उभं करता येईल. टँकरही चालू राहील. आपणच त्याग केला आणि आपणच तो परत घेतला, असंही कुणाच्या ध्यानात येणार नाही.

त्यानं मालनबाईकडं पाहिलं. ती घागर उलटी घालून त्यावर बसली होती. तिच्या तोंडावर हसू नव्हतं. ती वाट बघत होती. कशाची, ते त्याला कळलं.

“नाय,” पुंडलिक म्हणाला.

“काय नाही?”

“धूळ नाय. इंद्रजीत बी नाय. त्यानं इचारलं हुतं, कागद लावू का म्हणून. मीच नाय म्हणलो. का, तर फोटोत निप्पल दिसंल.” आवाज चढत गेला, कारण हळू बोलायची त्याला सवयच नव्हती. “पाच रविवार मी चौदा निप्पलांवर गन धरली आन् भाईर आलेलं ग्रीस पुसून पोट भरलं म्हणलो. चाक रडत हुतं, बायको सांगत हुती, तर मी उन्हाला दोष दिला, रस्त्याला दिला. मी गाढव हाय. लिवा रजिस्टरात! पुंडलिक साळवे गाढव हाय. लिवा!”

“अहो, साळवे…”

“लिवा म्हणतो! आन् झालं का लिवून, की खाली दुसरी ओळ वढा. व्हॉल्व्हची चावी कुणाच्या घरात हाय?”

केशवरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “माझ्या.”

“शेवटचा कवा फिरवला?”

वरच्या गल्लीतलेच दोघे-तिघे आता अध्यक्षांकडं बघत होते.

“केशवराव,” मालनबाई घागरीवरून म्हणाली, “त्या येड्यानं सांगितलं बघा. तुमी तर शिकलेले.”

केशवरावांनी रजिस्टराचं कोरं पान उघडलं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे जबाब लिहिले होते. स्वतःचा द्यायची पाळी कधी आली नव्हती.

“सव्वा वर्ष झालं,” ते म्हणाले. “बंद केला की आमच्या गल्लीला दाब चांगला यायचा. नंतर उघडायला गेलो, तर फिरेना. मग… राहून गेलं.”

शिव्यांचा एक लोंढा आला आणि गेला. खालच्या गल्लीतल्या बायकांनी तो मनसोक्त सोडला, आणि केशवरावांनी मान खाली घालून घेतला. मग इंद्रजीत चावी आणि रॉकेलची बाटली घेऊन खड्ड्यात उतरला. गंज भिजत घातला. तासाभरानं त्यानं आणि गल्लीतल्या एका पोरानं चावीला पाइप अडकवून जोर लावला, तेव्हा व्हॉल्व्ह कण्हला आणि पाव आटा फिरला. मग अर्धा. दुपारपर्यंत अकरापैकी चार आटे फिरले. खालच्या गल्लीतल्या पहिल्या नळाला करंगळीएवढी धार लागली. मालनबाई उठली, गुडघ्याला शिवी दिली आणि घागर लावली.

इकडं केशवराव खड्ड्याच्या कडेला बसून इतिवृत्त लिहीत होते. अक्षर मोत्यासारखं. स्वतःच्या नावापुढं त्यांनी ‘निष्काळजीपणा’ हा शब्द लिहिला, हात जरा थांबला, पण लिहिला. मग पुंडलिकच्या ओळीवर आले.

“साळवे, ‘गाढव’ हा शब्द इतिवृत्तात बसत नाही. काय लिहू?”

पुंडलिक ट्रॅक्टरखाली उताणा पडून टाचणीनं तिसरं निप्पल खरवडत होता. निळे पापुद्रे डोळ्यांत पडत होते. आणखी अकरा बाकी होती, आणि नळाला पाणी आल्यावर उद्यापासून हा ट्रॅक्टर काय ओढणार, हा प्रश्न त्याहून मोठा होता.

“‘अर्जदार’ लिवा,” तो खालून म्हणाला. “समजणाऱ्याला समजतंय.”