तीन की आठ

वस्तादांनी उमेदीची सगळी वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढली, आणि गॅरेज बंद केल्यावर गाड्या पारखायला सुरुवात केली. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की वस्तादांना सोबत नेल्याशिवाय तो बोलणी करत नसे. गाडीवर कुठेकुठे कोरलेले, चिकटवलेले नंबर वाचून ती कुठल्या कारखान्यातली, कुठल्या सालची, मध्ये कुठे आपटली आणि काय काय बदलून घेतलं, हे ते असं सांगत की खुद्द मालकाच्या ज्ञानात भर पडे. "माणसाला वय चोरता येतं," ते म्हणत, "गाडीला नाही. तिच्या अंगावर लिहिलेलं असतं."

आणि मग एक दिवस ते लिहिलेलंच दिसेनासं झालं.

डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. बघायला जावं त्याचा नेमका मधला भाग गायब, कडेकडेचं मात्र स्वच्छ. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसत, नाक-डोळे पुसून टाकल्यासारखे. चष्म्यानं भागायचं नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. घरी आल्यावर वस्ताद बराच वेळ चपला न काढता खुर्चीत बसून राहिले आणि बायकोला म्हणाले, "हे बाहेर कुणाला कळता कामा नये."

बायकोला सगळी गल्ली मामी म्हणायची. नवऱ्याच्या भाच्यांनी सुरू केलेलं नाव, ते पुढे दूधवाल्यापर्यंत पोचलं. मामींनी औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून केस पांढरे केले होते. निवृत्त झाल्यावर घरी बसून काय करायचं हा प्रश्न होताच, तो असा सुटला. वस्ताद गाडी बघायला निघाले की मामी उजेडाला बॅटरी घेऊन बरोबर. त्या वाचायच्या, वस्ताद अर्थ लावायचे. लोकांना वस्ताद सांगत, "हिला घरी करमत नाही, म्हणून आणतो." मामी हे मुकाट्यानं ऐकून घेत. पहिल्यांदा राग आला होता, पुढे मजा वाटायला लागली.

शिकवणी शेजाऱ्याच्या गाडीवर झाली होती. मामींनी काचेतून डोकावून आतल्या पट्टीवरचा कारखान्याचा नंबर वाचायला घेतला, "एम, ए, तीन, ओ..."

"ओ नाही. शून्य."

"अहो, ओ दिसतोय मला."

"दिसू दे. या सतरा अक्षरांत ओ नसतो, आय नसतो, क्यू नसतो. एक आणि शून्याशी गफलत होऊ नये म्हणून."

"हे कुणी ठरवलं?"

"शहाण्या माणसांनी."

"मग डॉक्टरांनाही त्यांच्याकडेच शिकायला पाठवायला हवं होतं. आमच्या चिठ्ठ्यांवर तिन्ही एकसारखे असायचे."

त्या दिवशी वस्ताद कितीतरी दिवसांनी हसले होते.

तर अशी जोडी जमली होती, आणि कुणाला पत्ता नव्हता. मग वस्तादांच्या भाचीनं गाडी घ्यायचं काढलं. भाची घरोघरी जाऊन रुग्णांकडून व्यायाम करून घेण्याचं काम करायची. कुणाचा अर्धांगवायू, कुणाची मोडलेली मांडी. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला बस बदलत जाता जाता तिचा पिट्टा पडायचा. एका रुग्णाकडून तिला कळलं की त्याच्या ओळखीचे एक गृहस्थ गाडी विकतायत, एकहाती वापरलेली, जपलेली. "मामा, तुम्ही हो म्हटलंत तरच घेणार," ती म्हणाली.

"बघू या," मामा म्हणाले, आणि मामींनी पर्समध्ये बॅटरी टाकली.

पत्ता शोधत तिघं पोचली तेव्हा मामी दारातच थबकल्या. खाली दुकान, वर घर. आणि दुकानाच्या काचेमागे चष्म्यांच्या रांगाच रांगा. भिंतीवर वरून खाली लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. मामी नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाल्या, "अहो, माणूस चष्मेवाला आहे."

"मग? गाडी विकतोय ना? चष्मा नाही विकत."

"माणसाच्या डोळ्यांत बघणं हाच त्याचा धंदा आहे."

वस्ताद ताठ झाले. "तू नेहमीसारखी वाच. मी माझं बघतो."

चष्मेवाले उंच, किडकिडीत आणि अतिशय मऊ बोलणारे निघाले. मुलीनं बजावलं होतं, आता तुम्ही गाडी चालवायची नाही. म्हणून विकत होते. त्यांनी वस्तादांचा हात हातात घेतला, जरा जास्तच वेळ धरला, आणि म्हणाले, "या. इकडून या, पायरी आहे." मामींच्या मनात पाल चुकचुकली.

गाडी दुकानामागच्या छपराखाली उभी होती. वस्तादांनी आधी तिच्या टपावरून तळहात फिरवला, दार उघडून लावलं, त्याचा आवाज ऐकला. मग मामींकडे मान वळवली. मामी पुढच्या काचेवर ओणवल्या आणि कोपऱ्यातली पट्टी संथपणे, बाजारात भाव विचारावा तितक्या सहज वाचत गेल्या. वस्ताद हं हं करत होते.

"दहावं परत सांग."

"के."

"बरोबर. दहावं अक्षर सालाचं. यांनी सांगितलं तेवढीच जुनी आहे," वस्तादांनी भाचीला सांगितलं. "आता दाराच्या खांबावरचं लेबल."

दार उघडल्यावर खांबावर चिकटवलेलं लेबल होतं. त्यावर तोच नंबर आणि गाडीचं वजन. मामींनी नखानं कडा चाचपल्या. नंतर चिकटवलेलं लेबल असतं तर कडेला गोंदाची रेघ लागली असती. औषधाच्या बाटल्यांवर त्यांनी असली लबाडी दोनदा पकडली होती. मग काचांची पाळी आली. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात छोटा शिक्का असतो, त्यात साल असतं.

"मागची डावी काच दोन वर्षांनी नवीन आहे," मामी म्हणाल्या.

वस्तादांनी भुवई उचलली. चष्मेवाले ओशाळले. "किल्ली आत राहिली होती. मीच दगड घालून फोडली. आयुष्यभर लोकांना काचा जपा म्हणून सांगत आलो, आणि स्वतःच..."

भाचीला हसू आवरेना. वातावरण इतकं छान झालं होतं की मामींना वाटलं, आता घरी जायचं आणि जेवायचं.

पण शेवटचा नंबर राहिला होता, आणि वस्तादांच्या लेखी तोच खरा. लेबल बदलता येतं, पट्टी बदलता येते. पत्र्यात ठोकलेले आकडे बदलणं सोपं नसतं. या गाडीत ते पुढच्या सीटखाली, गालिचा उचलला की जमिनीच्या पत्र्यावर होते. मामी वाकणार, तेवढ्यात वस्ताद म्हणाले, "हा मी बघतो. तुझे गुडघे दुखतात."

मामींच्या गुडघ्यांना काही झालेलं नव्हतं. चष्मेवाले अगदी जवळ उभे होते, आणि प्रत्येक अक्षर बायकोनं वाचायचं हे वस्तादांना त्यांच्यासमोर जड जात होतं, एवढंच. ते गुडघ्यांवर बसले, हात आत घातला आणि अंगठ्यानं एकेक आकडा चाचपत गेले. अंगठा शेवटाकडे आला, थांबला, मागे गेला, पुन्हा आला.

"शेवटून दुसरा काय होता वर?"

"तीन," मामी म्हणाल्या.

"इथे आठ आहे."

वस्ताद हळूहळू उभे राहिले. "हे बघा, राग मानू नका. वरचे नंबर एक आणि पत्र्यातला दुसरा, याचा अर्थ एकच होतो. दोन गाड्यांची मिळून एक केलेली आहे. पोरी, ही घ्यायची नाही."

चष्मेवाल्यांचा चेहरा लाल झाला. "मी कोरी घेतलीय ही. माझ्यासमोर आवरण काढलं होतं. कागद वर आहेत, आणतो."

"कागदावर तीनच असणार. मी पत्र्याचं बोलतोय."

चष्मेवाल्यांनी तोंड उघडलं. मामींना पक्कं ठाऊक होतं ते काय म्हणणार: तुम्हाला दिसत नाही, आणि मला चोर म्हणता? चष्मेवाल्यांची नजर वस्तादांच्या डोळ्यांवर होती. पण त्यांनी ओठ मिटले आणि मान खाली घातली. भाची एकदा मामाकडे, एकदा गाडीकडे बघत होती, आणि ती गाडी तिच्या मनातून उतरत चाललेली दिसत होती.

मामींना काय करावं सुचेना. नवरा चुकतच असेल असंही नव्हतं. त्यांचा अंगठा भल्याभल्यांच्या डोळ्यांपेक्षा पक्का होता. पण चुकला असेल तर? एका सज्जन माणसावर आळ, पोरीची गाडी गेली. आणि सगळ्यांसमोर खोडून काढलं तर यांचं काय उरलं?

"मी एकदा बघू?" त्या म्हणाल्या.

"मी बघितलंय."

"बघितलंत हो. माझ्या समाधानासाठी."

उत्तराची वाट न बघता त्या खाली बसल्या. बॅटरी सरळ आकड्यांवर धरली तर नुसता काळा पत्रा चकाकला. मग त्यांनी औषधांच्या दुकानात करायच्या तेच केलं. गोळ्यांच्या चंदेरी पाकिटावर शाई न लावता नुसता दाबून उठवलेला नंबर असतो; तो समोरून कधी दिसत नाही, पाकीट तिरपं केलं की दिसतो. पत्रा तिरपा करणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी बॅटरीच जमिनीवर आडवी ठेवली. उजेड सपाट गेला आणि एकेका आकड्याची सावली उभी राहिली. शेवटून दुसरा आठच वाटत होता. पण त्याची डावी बाजू फुगीर होती, उजवी रेखीव. गंज लागू नये म्हणून कधीतरी फासलेला रंग तिथे थेंबासारखा सुकला होता. मामींनी केसांतली पिन काढली आणि थेंबाच्या कडेला घातली. खपली सुटावी तसा तो निघाला.

मागे हात करून त्यांनी वस्तादांचं मनगट धरलं, त्यांना खाली बसवलं, आणि त्यांचा अंगठा नेमका तिथे ठेवला.

"आता परत बघा."

वस्तादांचा अंगठा फिरला. एकदा, दोनदा. मामींना त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"तीन," ते म्हणाले.

एवढ्यावर भागलं असतं. रंग आला होता आड, असं म्हणून उठता आलं असतं, आणि मामींनी ते वाक्य तयारही ठेवलं होतं. पण वस्ताद गाडीला धरून उभे राहिले आणि चष्मेवाले जिथे असावेत तिकडे तोंड करून म्हणाले, "माफ करा. तुम्हाला भलतंच बोललो. मला दिसत नाही. वर्ष होऊन गेलं. ही वाचते, मी सांगतो. आज शहाणपणा केला आणि एकट्यानं वाचायला गेलो."

"मामा," भाची म्हणाली.

"पडद्याचा आजार ना?" चष्मेवाले हळूच म्हणाले. "तुम्ही दारात आलात आणि माझ्या कानाकडे बघून बोललात, तेव्हाच कळलं."

"मग आत्ता बोलला का नाहीत? मी तुम्हाला जवळजवळ चोर ठरवत होतो."

"बोलणार होतो. पण या बाई तुमच्याकडे बघत होत्या." चष्मेवाल्यांनी हातातली किल्ली उगाच फिरवली. "म्हटलं, थांबावं."

मग ते सगळ्यांना वर घेऊन गेले आणि स्वतः चहा केला. चहा पांचट होता. मामींनी दोन कप घेतले. वस्ताद आणि चष्मेवाले डोळ्यांवरून सुरू झाले ते जुन्या इंजिनांवर कधी पोचले कळलं नाही. खाली उतरताना भाचीनं मामींचा दंड घट्ट धरला होता. "मामी, तुम्ही मला तरी सांगायचं होतं."

"वचन दिलं होतं गं."

पुढच्या आठवड्यात कागदपत्रं झाली आणि भाची नवी-जुनी गाडी घेऊन दोघांना फिरवायला आली. दरम्यान वस्तादांनी एका गिऱ्हाइकाला फोनवर सरळ सांगितलं होतं, "वाचणारी माझी बायको आहे, तिला वेळ असेल तेव्हा येऊ." मामी स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी ऐकलं आणि नळ थोडा वेळ तसाच वाहू दिला.

वस्ताद पुढे बसले, मामी मागे. बरंच अंतर गेल्यावर वस्ताद म्हणाले, "अगं, हिचा रंग कोणता?"

एवढी गाडी तपासली, आणि हे कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

"करडा आहे, मामा," भाची म्हणाली.

"करडा कसला," मामी मागून म्हणाल्या. "कबुतराच्या मानेसारखा आहे. सावलीत करडा. उन्हात आली की हिरवट झाक मारते, आणि वळली की जांभळी."

वस्तादांनी डोळे मिटले, जणू तसं जास्त दिसत होतं. "हिरवट मारते? नक्की?"

"माझे डोळे शाबूत आहेत."

"हिरवट म्हणजे साधा करडा नाही, तो वेगळा रंग. तो एकच वर्ष काढला कंपनीनं. सुंदर होता, पण जुळवायला महाकठीण. एखादं दार पुन्हा रंगवलं तर झाक येत नाही, नुसतं करडं दिसतं." त्यांनी मान मागे वळवली. "मागची दारं मारतात का हिरवट?"

"मामा, गाडी घेऊन झाली आता," भाची म्हणाली.

"घेतली म्हणून बघू नये का?"

भाचीनं कपाळाला हात लावला आणि गाडी कडेला घेतली. मामी उतरल्या. भर उन्हात, जाणारे-येणारे वळून बघत असताना, त्यांनी गाडीला पूर्ण प्रदक्षिणा घातली, प्रत्येक दारापाशी वाकून, मान कलती करून. वस्तादांनी काच खाली करून कान बाहेर काढला होता.

"चारही सारखी आहेत," मामी म्हणाल्या.

"आणि डिकी?"

"बघते हो," मामी म्हणाल्या, आणि पदर खोचून मागच्या बाजूला गेल्या.