आधी पोट, मग पाय

त्या साली बेटावरच्या नुव्हेल फ्रांस गावात अळीनं कोबीच्या पानापानाची चाळण करून टाकली होती. शेतीखात्याच्या मुस्येनं, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या साहेबानं, कचेरीत सांगितलं, अळी चालते कशी हे जो नीट निरखून लिहून आणील, बाई असो की बुवा, त्याला प्रयोगशाळेत जागा. कारकून सुरेंद्रनं ते जेवताना घरी सांगितलं आणि भाताबरोबर गिळून टाकलं. वाढणाऱ्या बायकोचा, वत्सलाचा हात मात्र तिथंच थांबला.

शाळेत ती फ्रेंचमध्ये पहिली यायची. लग्नानंतर ते फ्रेंच चुलीपुढं धूर खात बसलं होतं.

तिनं काचेच्या बरणीत अळ्या ठेवल्या. सासूबाई जमुना कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आयो! लोकांच्या सुना लोणचं भरतात, आमची किडे भरते!"

वत्सला हसली. उन्हाच्या कवडशात बरणी धरून तिनं महिनाभर पाहिलं. लाट उठायची ती शेपटाकडून. मागचे पाय सुटायचे, मग त्यापुढचे, आणि डोकं सगळ्यात शेवटी. एका दुपारी पातळ कातडीतून हिरवं आतडं दिसलं. मधले पाय पानाला घट्ट धरून होते, आणि आतलं पोट केव्हाच पुढं सरकलं होतं. जात्यावर तिला आपसूक ओवी सुचली:

*अळीबाई चालली, पोट तिचं पुढं धावं*
*पायांनी बापड्यांनी, मागनं वझं न्यावं*

तिनं सगळं फ्रेंचमध्ये लिहिलं, चित्रं काढली. वही नवी होती. देवळातल्या मराठीच्या वर्गात बायकांना शिकवलेलं, नव्या वहीवर आधी श्री, खाली कुंकवाचं नाव. तोंडानं घ्यायचं नाही ते नाव असं लिहायचं. हाताला तीच सवय. पहिल्या पानावर तिनं श्री काढला आणि मुस्येला वाचता येईल अशा अक्षरांत खाली नवऱ्याचं नाव लिहिलं. आपलं नाव कुठंच नाही, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

वही सुरेंद्रच्या हाती देताना तिनं विचारलं, "अहो, कुणी लिहिलंय ते सांगाल ना?"

"सांगतो की. मी काय खाऊन टाकतोय?"

आठवड्यानं सुरेंद्र मिठाईचा पुडा घेऊन आला. "आई, मला बढती! प्रयोगशाळेत!"

जमुनाबाईंनी देवापुढं साखर ठेवली. वत्सला दाराशी उभी होती.

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"अगं, पहिल्या पानावर माझंच नाव. तू लिहिलेलं. साहेबानं पाठ थोपटली, तिथं काय सांगू, बायकोनं लिहिलं म्हणून?" मग आवाज उतरवून म्हणाला, "वही त्यांच्याकडेच राहिली. उद्या विचारणार आहेत. आधी काय हलतं गं? पाय ना?"

साहेबापुढं त्याची फजिती व्हायला एक 'हो' पुरला असता. जिभेच्या टोकावर आला होता. पण महिनाभर डोळ्यांत तेल घालून पाहिलेल्या त्या जिवाबद्दल खोटं बोलणं तिला जमेना.

"पोट," ती म्हणाली. "आधी पोट जातं. पाय मागनं येतात."

"पोट," त्यानं घोकलं. "शाब्बास! ही घे, नवी वही आणलीय. पुढचं लिहायला."

जमुनाबाई आतून म्हणाल्या, "सूनबाई, आधी श्री, मग—"

"माहीत आहे, आत्याबाई."

वही तिनं फळीवर ठेवली, कोरीच. बरणी घेऊन परसात गेली आणि कोबीच्या वाफ्यात उलटी केली. अळ्या पानावर पडल्या, अंग चोरून बसल्या, मग एकीच्या शेपटाशी लाट उठली.

वत्सलानं पाठ फिरवली. जात्यात दाणे पडून होते.